पाच वॉट पुरतात का

९ जानेवारी

चि. टिटवीस,

आधी हिशेब. तुझा जुना अ‍ॅम्प्लिफायर मी सुधारला तेव्हा लागलेलं सामान असं: ट्रान्झिस्टरचा एक बोर्ड, साडेचारशे. दोन हात वायर आणि चार स्क्रू, दुकानातलेच. माझा एक रविवार. एवढ्यात भागलं, असं मी त्या वेळी तुझ्या आईला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. पुढच्या बुधवारी तू गिटार आणि एक बॅग घेऊन गेलीस आणि चार वर्षं घरी आली नाहीस, ते मी त्यात धरलं नव्हतं.

पत्ता मावशीकडून मिळाला. तिच्यावर रागावू नकोस. तिनं दिला नाही, मी काढून घेतला. तिचा मिक्सर दुरुस्तीला आला होता आणि पत्ता मिळेपर्यंत तो काही दुरुस्त होईना.

हे पत्र माफीचं नाही. ते काम मला जमत नाही, तुला माहीत आहे. हे पत्र चौकशीचं आहे. मी जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायचं ठरवलंय. हल्ली सगळं सामान एका खोक्यात घालून विकतात: पत्र्याची पेटी, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह, स्पीकर, अगदी बटणांच्या टोप्यासुद्धा. आपण फक्त बसून जोडायचं. तुम्ही लोक व्हॉल्व्हला ट्यूब म्हणता, असं त्या पुस्तिकेत वाचलं. आमच्या वेळी ट्यूब सायकलच्या चाकात असायची.

तर तीन खोकी आहेत. एक पाच वॉटचं, एक अठराचं, एक पन्नासचं. मला विचारशील तर मी पन्नासचं घेतोय. अडीचशे वॉटच्या खाली मी मोटारीला मोटार म्हणत नाही, तिथे पाच वॉटचं करायचं काय? पाच वॉटमध्ये तर रात्रीचा दिवा लागतो. शिवाय करायचंच तर मोठं करावं. तुझं मत काय?

तू म्हणशील, बाबांना गिटारमधलं काय कळतं. गिटारमधलं नाही कळत, पण कान आहेत. कुणी मोटार आणून समोर चालू केली की मी मागच्या खोलीत चहा पिता पिता सांगतो, पंख्याच्या बाजूची बेअरिंग गेली की पुलीच्या. एकतीस वर्षं ह्या दोन कानांवर घर चाललंय. त्यांच्यापासून काही लपत नाही. तुझ्या त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीचा आवाज फाटत होता, तो मला जिन्यात ऐकू आला, म्हणून मी ती उघडली. दुसरं कारण नव्हतं.

आणि एक. जाताना तू ओरडलीस की पेटीवर चिठ्ठी लावली होती. मला चिठ्ठी दिसली नाही. दिसली असती तर हात लावला नसता.

आई बरी आहे. ती लिहिणार नाही म्हणाली, पण पाकिटावर तिकीट तिनंच चिकटवलं.

तुझा,
बाबा


३ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

तुझं कार्ड मिळालं. एकूण सात शब्द. 'पन्नासचा घेऊ नका. शेजारी घर सोडून जातील.' मी मोजले, तुझ्या आईनंही मोजले. मग ते कार्ड तिनं डब्यांच्या फळीवर उभं करून ठेवलं आणि दिवसभर त्या फळीवरचं काहीतरी काढत-ठेवत राहिली.

खरं सांगतो, पन्नासचं मी मुद्दाम लिहिलं होतं. म्हणजे मनात होतंच, पण लिहिलं मुद्दाम. तुला बरी आहेस का विचारलं तर तू उत्तर देणार नाहीस. कुणी चुकीचं बोललं तर मात्र तुला गप्प बसवत नाही. सात वर्षांची असताना तू शाळेत आलेल्या साहेबांचा पाढा दुरुस्त केला होतास. टिटवी हे नाव काही उगाच नाही पडलं.

पण शेजारी का जातील, ते कळेना. म्हणून वरच्या मजल्यावरच्या रेडिओमास्तरांकडे गेलो. आठवतात ना? आता ब्याऐंशीचे आहेत, हात कापतो, डोकं नाही कापत. ते म्हणाले, पाचाचे पन्नास केलेस म्हणजे आवाज दहापट झाला असं समजू नकोस, कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे पाच वॉटसुद्धा बंद खोलीत भरपूर. मी म्हटलं, मग तो जास्तीचा माल जातो कुठे? म्हणाले, ट्रान्सफॉर्मरच्या वजनात. नाकापेक्षा मोती जड. पुढे म्हणाले, गिटारवाल्यांना व्हॉल्व्ह दमलेला लागतो. त्याच्याकडून झेपेल त्याहून थोडं जास्त मागितलं की तो गायला लागतो. पन्नासच्या व्हॉल्व्हला दमवायचं तर मैदान पाहिजे. पाचचा आपल्या पुढच्या खोलीत दमतो.

दमलेला माल चांगला, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे दमलेली मोटार जळते.

तेव्हा ऐकूनच यावं म्हणून वाद्यांच्या दुकानात गेलो. तिथे विकायला एक मुलगी आहे, एकाच कानात सात बाळ्या. मी तिला म्हटलं, घ्यायचं काही नाही, फक्त ऐकायचंय. ती म्हणाली, काका, इथे सगळे तसेच येतात. तिनं एक लहान व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प लावला. आधी बटण खाली ठेवून वाजवलं. स्वच्छ, घंटेसारखं. मी मान डोलावली. मग तिनं बटण पूर्ण फिरवलं आणि तीच तार पुन्हा छेडली. मी पटकन म्हटलं, बंद कर, स्पीकर फाटला.

ती हसली नाही. म्हणाली, "काका, हे फाटलेलं ऐकायलाच तर लोक पैसे देतात."

मी तिला ते पुन्हा वाजवायला लावलं. अकरा वेळा. चौथ्यांदा मला कळलं की आवाज फाटत नाहीये, जाड होतोय. मोटारीवर भार आला की तिचा सूर कसा खाली बसतो आणि रुंद होतो, तसा. सातव्यांदा तिनं हात हलका केला, तर बटण तिथेच असून आवाज आपोआप स्वच्छ झाला. जोरात मारली की गुरगुरला. म्हणजे तो हाताचं ऐकतो. बटणाचं नाही, हाताचं. मी अकराव्या वेळेपर्यंत तेवढंच पाहत होतो, तिचा हात आणि मग आवाज.

तुझी पेटीही तुझ्या हाताचं ऐकत असणार. मी व्हॉल्व्ह काढून, ट्रान्झिस्टर घालून तिला सरळ करून ठेवली. कसंही वाजवा, एकसारखा आवाज.

घरी येऊन रेडिओमास्तरांना विचारलं, त्या जुन्या पेटीतले तीन व्हॉल्व्ह आता मिळतील का. त्यांनी विचारलं, काढलेले कुठे आहेत. मी म्हटलं, भंगारात दिले. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

आता प्रश्न: पाचचं घ्यावं की अठराचं? मला वाटतं अठरा. मधला मार्ग.

बाबा


१ मार्च

चि. टिटवीस,

'अठराचा दुसऱ्यांदा बांधा. आधी सूचनांची वही बघा, मग खोकं घ्या.' कार्डावर जागा होती तरी पुढे काही लिहिलं नाहीस. पण 'दुसऱ्यांदा' लिहिलंस, ते मी नीट वाचलं.

तुझं ऐकून आधी वह्या मागवल्या. विकणारा म्हणाला, खोकं न घेता वही मागणारे तुम्ही पहिलेच. मी म्हटलं, मुलगी बघायला गेलो तरी मी आधी तिच्या बापाशी बोलतो. पन्नासवाल्याची वही म्हणजे एक घडी घातलेला नकाशा. ज्याला येतं त्याच्यासाठी. अठरावाल्याची बरी होती, पण त्यात सगळं छापील बोर्डावर. भोकात सुट्या भागांचे पाय घालायचे आणि शिशाचे डाग द्यायचे. कुठला प्रवाह कुठून कुठे गेला, ते दिसतच नाही. पाचवाल्याची वही बासष्ट पानांची. एका पानावर एक काम, शेजारी चित्र, आणि प्रत्येक कामापुढे रिकामी चौकट. काम झालं की बरोबरची खूण करायची. पहिलीच्या मुलांसारखी. मला हसू आलं, आणि आवडलंही. त्यात प्रत्येक वायर उघडी दिसते, बोट ठेवून माग काढता येतो. मला शाळेत कुणी असं शिकवलं असतं, तर चौथीत पाटी टाकून मी वर्कशॉपात गेलो नसतो.

तेव्हा पाच वॉट. खोकं आलंय. टेबलावर सगळं मांडून ठेवलंय आणि तीन दिवस नुसता बघतोय. लहान व्हॉल्व्ह अंगठ्याएवढा आहे. काचेतून आत बघितलं तर आत एक इमारत आहे. मजले, खांब, जाळ्या. हे कुणी हातानं बसवलं असेल? तुला माहीत असेल तर लिही.

बांधायला बसण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर हात चालणार नाही.

चिठ्ठी मला दिसली होती.

पेटीच्या मागच्या फळीवर, पांढऱ्या पट्टीनं चिकटवलेली. 'बाबा, हात लावू नका. शनिवारी वाजवायचंय.' मी वाचली, काढली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मला वाटलं, पोरीला काय कळतं. शनिवारी सगळ्यांसमोर आवाज स्वच्छ लागला की स्वतःच येऊन म्हणेल, बाबा, कसं केलंत. मला ते ऐकायचं होतं. तू आवाज सुधारून मागितला नव्हतास. मला कौतुक हवं होतं.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. गल्ल्याच्या खालच्या खणात, जकातीच्या पावत्यांखाली. आई विचारायची तेव्हा मी नाहीच म्हणत आलो. काल तिला दाखवली. तिनं वाचून परत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मला माहीत होतं. शर्ट मीच धुते."

बाबा


१२ एप्रिल

चि. टिटवीस,

सहा आठवडे झाले, कार्ड नाही. बरोबर आहे. तुझ्या जागी असतो तर मीही लिहिलं नसतं. आई फळीकडे बघत नाही, पण ती दोन कार्डं तिनं हलवलेली नाहीत.

मी बांधत होतो. चौकटींवर खुणा करत पान बासष्टपर्यंत आलो. दुकानातली सगळी कामं बाजूला पडली, पिठाच्या गिरणीवाला दोनदा भांडून गेला.

तुला हे ऐकायला आवडेल म्हणून लिहितो. आमच्या धंद्यात मला विजेची भीती कधी वाटली नाही, पण ह्यात वाटली. बटण बंद करून, पिन काढून ठेवली तरी आत तीनशे व्होल्ट साठून राहतात. मोटार मेली की मेली, ही पेटी मेल्यावरसुद्धा चावते. म्हणून आत मोजताना एक हात खिशात घालून ठेवायचा, म्हणजे धक्का छातीतून आरपार जात नाही, वहीत तसंच लिहिलंय. आई दारात उभी राहून म्हणाली, खिशात हात घालून काम करणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय, पगार कोण देतं?

पहिल्यांदा चालू करताना दिव्यातून केली. म्हणजे साधा बल्ब मध्ये जोडून. आत काही चुकलं असेल तर बल्ब भगभगतो आणि पेटी वाचते. आम्ही मोटारीला हेच करतो, आणि वहीत एकोणसाठाव्या पानावर तेच निघालं. मला एवढा आनंद झाला की मी ते पान रेडिओमास्तरांना वाचून दाखवलं. बल्ब एकदा चमकला आणि मंद झाला. मग व्हॉल्व्हमध्ये आत कुठेतरी ठिपका पेटला, नारिंगी. दोघंही म्हातारे वाकून बघत होतो. चूल पेटल्यासारखं वाटलं. ट्रान्झिस्टर पेटत नाही. तो चालू आहे की बंद, तोंडावरून कळत नाही. हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

आता आतलं काम. फोटो सोबत पाठवतोय, नीट बघ. वहीतल्या चित्रात वायरी इकडून तिकडे सैरभैर सोडल्यात, कावळ्याच्या घरट्यातल्या काड्यांसारख्या. चाळिसाव्या पानावर लिहिलंय की गिटारकडून येणारी वायर स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींपासून लांब ठेवा, एकत्र बांधू नका. ही सूचना कच्च्या हातांसाठी असणार. मी सगळ्या वायरी एका रांगेत घेतल्या आणि मेणाच्या दोऱ्यानं बोटाबोटावर गाठ मारून बांधून काढल्या, मोटारीच्या कॉइली बांधतो तशा. आपल्या दुकानाची ओळखच ती आहे. एकतीस वर्षांत माझ्या हातची बांधणी सुटून परत आलेली नाही.

आवाज तपासायला वाद्यांच्या दुकानातल्या त्या सात बाळ्यांवालीला बोलावलं होतं, पण तिचा दुकानाचा दिवस. मग मीच तुझी ती लहानपणची तीन तारांची गिटार माळ्यावरून काढली. रेडिओमास्तर खुर्चीत. बटण अर्ध्यावर: घंटा. पूर्ण: गुरगुर. दोघांनीही माना डोलावल्या. मास्तर म्हणाले, निर्दोष. मीही कान लावून ऐकलं. कुठे खरखर नाही, गुणगुण नाही.

फक्त तुझी आई. मी अर्ध्यापुढे बटण नेलं की ती उठून आत जाते आणि दार लावून घेते. दर वेळी. चिठ्ठीचा राग असेल, उतरेल तेव्हा उतरेल.

पेटी आज पार्सलनं तुझ्याकडे निघाली. ठेवायची नसेल तर ठेवू नकोस. पण एकदा लाव आणि हात हलका-जड करून बघ. तुझ्या हाताचं ऐकते का, एवढंच मला कळवायचं. हो किंवा नाही. कार्डावर एक शब्द पुरे.

बाबा


३० मे

चि. टिटवीस,

नीट परत पोचलीस का? आई म्हणते, पोचली असेल तर फोन करेल, आता नंबर आहे. मी म्हटलं, मला पत्राचीच सवय लागली, मी लिहितो.

तुझं ते कार्ड फळीवर आता तिसरं आहे: 'मिळाला. ऐकतो. पण शिट्टी वाजते. पार्सलनं पाठवत नाही, शनिवारी घेऊन येते.' हे आईला मी तीनदा वाचून दाखवलं. तिला 'शनिवारी' पुन्हा ऐकायचं होतं आणि मला 'ऐकतो'. शिट्टीकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

तुझ्या पाठीमागे त्या शनिवारचा विचार करतोय, म्हणून लिहून काढतो. तू पेटी माझ्या बाकावर ठेवलीस, चालू केलीस, बटण अर्ध्यापुढे नेलंस. तू कपाळाला आठी घातलीस आणि आईनं दोन्ही कानांत बोटं घातली. मी दोघींकडे आळीपाळीनं बघत होतो. मला वाटलं, तुम्ही मायलेकी मिळून माझी गंमत करताय.

तू म्हणालीस, "बाबा, ही एवढी शिट्टी तुम्हाला ऐकू येत नाही?"

मी म्हटलं, कुठे आहे शिट्टी? आणि आई म्हणाली, "एप्रिलपासून वाजतेय. मला वाटलं, गिटारचं असंच असतं. तुला ह्या माणसानं एकदा टोकलं होतं, मी पुन्हा कशाला टोकू?"

म्हणजे ती रागानं उठून जात नव्हती. पेटी घरात होती तेवढे दिवस ती तुझी बाजू घेऊन कानठळ्या सोसत होती.

मग तू पेटी उपडी केलीस. पिन काढलीस, आतला साठा उतरवलास, एक हात खिशात घातलास. मी तुला हे सांगणारच होतो, तेवढ्यात तू केलंस. आत बघितलंस आणि हसू दाबलंस, ते मला दिसलं. म्हणालीस, किती सुंदर बांधलंय. मग माझी कात्री मागितलीस. मी दिली, पण लगेच सोडली नाही. तुला ती ओढून घ्यावी लागली.

तू बावीस गाठी कापल्यास. मी मोजल्या. गिटारची वायर तू त्या जुडग्यातून ओढून काढलीस आणि पेटीच्या पार दुसऱ्या कडेनं नेलीस, सैल, चित्रातल्यासारखी. समजावूनही सांगितलंस: स्पीकरकडे निघालेला मोठा आवाज शेजारच्या वायरीतून परत गिटारच्या वाटेनं आत शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा शिरतो, आणि फिरत राहतो. मोटारीत वायर मोकळी राहिली तर घासून तुटते, म्हणून आवळायची. ह्यात आवळली की ओरडते. दोन्ही वायरीच. मला हे एवढं नवीन आणि इतकं सोपं वाटलं की तू गेल्यावर मी पान चाळीस पुन्हा काढून वाचलं. सगळं लिहिलेलं होतं. चौकटीत माझी बरोबरची खूणही होती.

मग तू वाजवलंस. आईची बोटं कानांतून निघाली आणि ती परत आत गेली नाही. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, तू होतीसच.

दुकानातून गेलेली वस्तू परत आली, हेही पहिल्यांदाच झालं. मला त्याचं काही वाटलं नाही. असं परत येणार असेल तर दर महिन्याला एक चूक करायला मी तयार आहे. अठरा वॉटचं खोकं मागवलंय. मेणाचा दोरा वरच्या फळीवर ठेवलाय, हात पुरणार नाही असा.

तू सांगितलंस म्हणून मंगळवारी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर डबे घातले, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी वाट बघत बसलो. थोड्या वेळानं दार उघडून म्हणाल्या, झालं. मी म्हटलं, अजून सुरू कुठे झालंय?

कागद सोबत जोडलाय. रेघ मधोमध येते आणि कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. वरच्या पट्टीतलं मला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मोटारींच्या आवाजात राहणाऱ्यांचं असं होतं, म्हणाल्या. मी विचारलं, ह्या वर्षीचं असेल ना हे? त्यांनी कागद पुन्हा बघितला आणि म्हणाल्या, नाही, दहा-बारा वर्षं तरी झाली असतील.

तुझी पेटी मी सुधारली, त्याला चार झाली.

बाबा